तक्रारीचं काम होईपर्यंत : एका झेब्रा क्रॉसिंगचं प्रकरण

महापालिकेकडे रस्त्यावर पांढरे पट्टे मारून मागणं ही वरवर पाहता सगळ्यात स्वस्त मागणी. भूसंपादन नाही, कुणाचं दुकान हलवायचं नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव नाही. तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत शाळेसमोरच्या असल्या पट्ट्यांना पहिल्या अर्जापासून दीड वर्षाच्या वर लागलं. हे प्रकरण मी जवळून पाहिलं. त्यातले बरेच कागद माझ्याच संगणकावर टाइप झाले. शहराचं, शाळेचं, माणसांचं नाव घेत नाही. फाइल कुठे अडली आणि कशानं हलली, तेवढंच इथे मांडायचं आहे.

रस्ता

रस्ता विकास आराखड्यातला, २४ मीटर रुंदीचा. मधे दुभाजक, दोन्ही अंगांना दोन-दोन मार्गिका. एका बाजूला महापालिकेची प्राथमिक शाळा आणि तिच्या भिंतीला लागून एक खासगी माध्यमिक शाळा. समोर बसथांबा, भाजीच्या हातगाड्या, मेडिकल, मिठाईचं दुकान, आणि त्यांच्या मागे वस्ती. शाळेतली बरीचशी मुलं या वस्तीतली. जुन्या रस्त्यावर खड्डे होते तोवर गाड्या आपोआप हळू जायच्या. नवं डांबर पडलं आणि दुचाक्या सुसाट सुटल्या.

सिग्नलचा चौक लांब. दप्तर पाठीवर घेऊन तिथवर जायचं आणि पलीकडून तेवढंच परत यायचं, हे कुणी करत नाही. करावं अशी अपेक्षा धरणंही चूक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांची संहिता आहे, आयआरसी १०३. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत रहिवासी भागात साधारण दर ८० ते २५० मीटरवर रस्ता ओलांडायची सोय असावी असं म्हटलं आहे. इथे त्याहून कितीतरी लांब पट्ट्यात काहीच नव्हतं.

मग लोकांनी आपली सोय आपण पाहिली. दुभाजकाचे दोन सिमेंटचे ठोकळे कुणीतरी सरकवून शाळेच्या फाटकासमोर फट पाडली होती. फटीच्या दोन्ही बाजूंना उद्यान विभागाची कण्हेर, मोठ्या माणसाच्या छातीएवढी वाढलेली. दुसरी-तिसरीतलं पोर तिच्याआड अख्खं लपतं. ते दुभाजकावरून खाली पाऊल टाकतं तेव्हाच गाडीवाल्याला पहिल्यांदा दिसतं. पट्ट्यांच्या प्रकरणात कण्हेरीचं काय काम, असं वाटेल. पण पुढे संयुक्त पाहणीतला बराचसा वेळ या झुडपांवरच गेला.

पहिलं निवेदन

२०२३ च्या सुरुवातीला सहावीतल्या एका मुलाला दुचाकीनं उडवलं. पाय मोडला, मुलगा वाचला. त्याच आठवड्यात परिसरातल्या सोसायट्यांच्या महासंघानं आयुक्तांच्या नावे निवेदन दिलं. सह्यांची पानंच्या पानं, वर लेटरहेड, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून खासदारांपासून पोलीस आयुक्तांपर्यंत सगळे. मागण्या पाच: सिग्नल, शाळेच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक, झेब्रा क्रॉसिंग, पादचारी पूल आणि कायमस्वरूपी वाहतूक पोलीस. नगरसेवकाकडे जायची सोय नव्हती. राज्यातल्या बहुतेक महापालिकांसारखी इथलीही मुदत संपलेली होती आणि प्रशासकांचा कारभार चालू होता.

उत्तर आलं, आणि ते चक्क मुद्देसूद होतं: ‘सदर ठिकाणी गतिरोधक बसविणेबाबत वाहतूक शाखेचा अभिप्राय प्राप्त झालेनंतर नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.’ पट्ट्यांचा उल्लेखही नाही. वाहतूक शाखेत चौकशी केली तर तिथलं म्हणणं, आमच्याकडे अभिप्राय मागणारं पत्रच आलेलं नाही. कुणीतरी महापालिकेच्या ॲपवरही तक्रार टाकली होती. ती ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ झाली आणि वर्ग झाली म्हणून निकालीही निघाली.

यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. टेबलावरचा कर्मचारी पाच मागण्यांतली ज्याचं तयार उत्तर त्याच्याकडे आहे ती उचलतो. गतिरोधकांवर इतकी पत्रं येतात की त्याचा मसुदा संगणकात तयारच असतो. सिग्नल म्हटला की विद्युत विभाग आणि पोलीस, पूल म्हटला की प्रकल्प विभाग, माणूस उभा करायचा तर पोलिसांचं मनुष्यबळ. पाच मागण्या पाच टेबलांवरच्या, आणि फाइल एका वेळी एकाच टेबलावर असते. बाकी चौघांनी ती पाहिलीच नाही.

बाई

इथून प्रकरण हातात घेतलं ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकांनी. सगळा परिसर त्यांना बाईच म्हणतो. पुढे पथ विभागाचे कनिष्ठ अभियंता, म्हणजे जेई साहेबही म्हणायला लागले. बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पाचातल्या चार मागण्या काढून टाकल्या. महासंघात यावरून वाजलं. पूल सोडायचा म्हणजे काय, लोकांनी सह्या कशावर केल्यात? बाईंचं उत्तर सरळ होतं: पूल बांधला तरी गुडघे दुखणारा माणूस त्यावर चढणार नाही, आणि मुलं दुभाजकाच्या फटीतूनच जाणार.

एक वकील हटून बसले होते की मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ लावून नोटीस द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम चांगलं आहे. पण बाई म्हणाल्या, “दादा, नोटीस गेली की फाइल विधी विभागात जाणार. तिथून रंगाची गाडी निघत नाही.”

मंडळाच्या पोरांचा उपाय आणखी सोपा होता. “बाई, दोन डबे रंग आणतो, रात्रीत मारून टाकतो.” हे बऱ्याच गावांत होतंही. पण मोटार वाहन कायद्यातल्या वाहतूक चिन्हांच्या व्याख्येत रस्त्यावर आखलेल्या खुणाही येतात, आणि ती चिन्हं कुणी लावायची हे कलम ११६ ठरवतं. पोरांवरच गुन्हा दाखल व्हायचा. शिवाय साधा ऑइल पेंट पावसात निसरडा होतो. त्यावरून पहिली दुचाकी घसरली की पट्टे मागणाऱ्यांचंच तोंड बंद. पोरांना बाईंनी दुसरं काम दिलं, ते पुढे येईल.

याच व्याख्येमुळे एक गोष्ट लक्षात येते. पट्टे मारणार महापालिका, कारण रस्ता तिचा. पण ते वाहतूक चिन्ह असल्यामुळे पोलिसांचा अभिप्राय हवाच. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. अर्जदारालाच मधे उभं राहून एकाचं पत्र दुसऱ्याकडे नेऊन द्यावं लागतं.

२१ चौरस मीटर

बाईंनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं की झालं. पट्टे का मारले नाहीत, असं त्यांनी विचारलं नाही. ‘का’ विचारलं की जनमाहिती अधिकारी ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत येत नाही’ असं लिहून मोकळा होतो. त्यांनी कागद मागितले: या रस्त्यावर मागच्या दोन वर्षांत रस्ता आखणीचं काम कोणत्या ठेक्यातून झालं, त्या ठेक्याची मुदत कधीपर्यंत आहे, आणि मोजमाप पुस्तिकेतल्या संबंधित पानांच्या प्रती.

तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. रस्त्याच्या कडेच्या आणि मधल्या रेषा थर्मोप्लास्टिक रंगानं मारल्या होत्या, वार्षिक दर ठेक्यातून, चौरस मीटरच्या दरानं. ठेका चालू होता. म्हणजे ठेकेदार नेमलेला, दर मंजूर, बाब मंजूर. नव्या निविदेची गरजच नाही. झेब्रा क्रॉसिंगही चौरस मीटरमध्येच मोजतात.

मग गणित मांडलं. एका बाजूचा डांबरी भाग सुमारे सात मीटर रुंद. पट्टा अर्ध्या मीटरचा, दोन पट्ट्यांमधली जागा अर्ध्या मीटरची; म्हणजे एका बाजूला सात पट्टे. प्रत्येक पट्टा तीन मीटर लांब धरला तर एका बाजूला साडेदहा आणि दोन्ही बाजू मिळून २१ चौरस मीटर रंग. थांबरेषा धरल्या तर थोडा जास्त. ज्या ठेक्यात आख्ख्या विभागातले रस्ते आखले जातात त्यात हा आकडा दिसणारही नाही.

नवा अर्ज एका पानाचा होता. मसुदा मी केला होता आणि त्यात मोठ्या हौसेनं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे घातले होते: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतले ३२,८२५ पादचारी. बाईंनी लाल पेनानं तो परिच्छेद खोडला. “हे देशाचं झालं. आपल्या फाटकासमोरचं लिही.” शेवटी अर्ज असा झाला:

‘विषय : शाळेसमोर, दिव्याचा खांब क्रमांक अमुक ते तमुक यांचे दरम्यान, थर्मोप्लास्टिक पादचारी पट्टे मारणेबाबत.

महोदय, वरील ठिकाणी दररोज शाळा भरताना व सुटताना विद्यार्थी, पालक व बसचे प्रवासी दुभाजकाच्या तुटलेल्या भागातून रस्ता ओलांडतात. लगतच्या दोन्ही बाजूंना ओलांडण्याची आखलेली जागा नाही. सदर काम सध्या चालू असलेल्या रस्ता आखणीच्या वार्षिक ठेक्यातून करता येण्यासारखे असून अंदाजे क्षेत्र २१ चौ.मी. आहे. वाहतूक शाखेसमवेत संयुक्त पाहणीची तारीख मिळावी, ही विनंती. सोबत : जागेचा नकाशा, फोटो, पादचारी व वाहनांची मोजणी, माहिती अधिकारातील उत्तराची प्रत.’

अर्जाखाली एकच सही. अर्ज आयुक्तांना न पाठवता थेट पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, आणि दुसरी प्रत वाहतूक शाखेला, दोन्हीकडे पोच घेऊन. खांबाच्या क्रमांकाची कल्पना लाइनमनची. महापालिकेच्या माणसाला ‘मिठाईच्या दुकानासमोर’ म्हणून कळत नाही, पण खांबाचा क्रमांक त्याच्या नोंदवहीत असतो.

लोकशाही दिनाचाही एक प्रयोग झाला, थोडक्यात सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते आणि संस्थेच्या लेटरहेडवरचे अर्ज घेत नाहीत. महासंघानं लेटरहेडवर सार्वजनिक मागणी नेली. दोन्ही अटींत बसली नाही आणि परत आली.

मोजणी

मंडळाच्या पोरांना दिलेलं काम हेच. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी फुटपाथवर बसून एकानं ओलांडणारी माणसं मोजायची, दोघांनी दोन दिशांच्या गाड्या. पाचाच्या गाठी मारत वहीत उभ्या रेघा. हे कशासाठी, तर आयआरसी १०३ मध्ये दोन चौकांच्या मधल्या जागी ओलांडण्याची नियंत्रित सोय कधी द्यावी याचा एक ठोकताळा आहे. गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले त्याच तासातल्या वाहनांचा वर्ग. उत्तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेलं तर जागा निकषात बसते. आकडे ऐकून दचकायला होतं, पण समजा तासाला २५० माणसं ओलांडतात आणि ९०० गाड्या जातात, तर २५० गुणिले ८ लाख १० हजार म्हणजे २० कोटी २५ लाख. शहरातल्या वाहत्या रस्त्यावरच्या शाळेसमोर हे गाठणं अवघड नसतं.

या सूत्राबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वर्ग वाहनांचा, माणसांचा नाही. शिवाय रस्ता इतका धोक्याचा असेल की लोकांनी तिथून ओलांडणंच सोडलं, तर माणसांचा आकडा घसरतो आणि जागा निकषातून बाहेर पडते. आजी-आजोबा घराबाहेर पडत नाहीत, मुलांना रिक्षानं पाठवलं जातं, आणि कागद म्हणतो इथे पादचारीच नाहीत. संहितेत दुसरेही निकष आहेत: वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर असणं, ओलांडायला अवाजवी वेळ थांबावं लागणं, वर्षात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झाल्याची नोंद असणं. शेवटचा निकष वाचून बाई एवढंच म्हणाल्या, “म्हणजे अजून चार पोरं पडायची वाट बघायची?”

मोजणीचा तक्ता अभियंत्यांनी तपासला असेल असं मला वाटत नाही. गुणाकार कुणी करून पाहिला नाही. पण टिपणीला जोडायला काहीतरी हवं असतं. ‘नागरिकांची मागणी आहे’ एवढ्यावर सही करायला वरिष्ठ कचरतात. ‘सोबतच्या मोजणीनुसार आयआरसी १०३ मधील निकष पूर्ण होतो’ या वाक्यावर करतात.

संयुक्त पाहणी

पाहणीला पथ विभागाचे कनिष्ठ अभियंता, वाहतूक शाखेचे एक उपनिरीक्षक आणि उद्यान विभागाचा एक मिस्त्री आले. वेळ बाईंनी मागून घेतली होती, प्राथमिक शाळा सुटायची. दुपारी रिकाम्या रस्त्यावर पाहणी झाली असती तर शेराही रिकाम्या रस्त्याचाच पडला असता.

जेई साहेबांचा पहिला आक्षेप: “बाई, पट्टे मारले म्हणजे गाड्या थांबतात असं नाही. उलट लोक बिनधास्त उतरतात आणि मग आमच्या नावानं ओरडतात.”

लोकांना ही टाळाटाळ वाटली. ती नव्हती. अमेरिकेत तीस शहरांमधल्या आखलेल्या एक हजार आणि न आखलेल्या एक हजार जागांची तुलना करणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मार्गिकांच्या रस्त्यांवर पट्टे असण्या-नसण्यानं अपघातांत फरक दिसला नाही. पण अनेक मार्गिकांच्या, दुभाजकात थांबायची जागा नसलेल्या आणि दिवसाला १२ हजारांवर वाहनं जाणाऱ्या रस्त्यांवर नुसते पट्टे मारलेल्या जागा न आखलेल्या जागांपेक्षा जास्त धोक्याच्या निघाल्या. याचं एक कारण आपल्याकडे रोज दिसतं: आतल्या मार्गिकेतली गाडी थांबते, माणूस पुढे निघतो, आणि थांबलेल्या गाडीच्या आडून दुसरा सुसाट येतो.

त्या अभ्यासातून निघतं ते एवढंच की अशा रस्त्यावर पट्ट्यांच्या जोडीला आणखी काही द्यावं लागतं. जेई साहेबांनाही हे मान्य होतं. त्यांची अडचण होती ती ‘आणखी काही’ त्यांच्या ठेक्यात नव्हतं ही. तेव्हा जागेवरच यादी झाली. दुभाजकातली फट नीट कापून सपाट करायची, म्हणजे मधे थांबता येईल आणि व्हीलचेअर, बाबागाडी अडणार नाही. फुटपाथच्या कडेला उतार. पट्ट्यांच्या अलीकडे थांबरेषा आणि ‘पुढे शाळा आहे’चे फलक. जवळच्या खांबावरचा बंद दिवा चालू करणं. आणि कण्हेर.

कण्हेर छाटायला मिस्त्री तयार नव्हता. वरून आदेश नाही, शिवाय आता छाटली तर फूल जाईल. उपनिरीक्षकांनी तिसरीतल्या एका मुलीला दुभाजकापलीकडे उभं केलं, स्वतः गाडीच्या सीटएवढ्या उंचीवर वाकले आणि मिस्त्रीलाही वाकायला लावलं. “दिसतेय का पोरगी?” मिस्त्री काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फटीच्या दोन्ही बाजूंची कण्हेर गुडघ्याएवढी कापलेली होती. सगळ्या प्रकरणात लेखी आदेशाशिवाय झालेलं हे एकच काम, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं कदाचित पट्ट्यांइतकंच महत्त्वाचं.

खरा वाद झाला जागेवरून. पालकांना पट्टे अगदी फाटकासमोर हवे होते. जेई साहेबांना ते बसथांब्याच्या मागच्या अंगाला, फाटकापासून थोडे सरकून हवे होते. फाटकासमोर रिक्षा उभ्या असतात, त्यांच्याआडून येणारा माणूस दिसत नाही. आणि पट्टे बसच्या पुढे आले तर उतरलेले प्रवासी उभ्या बसच्या तोंडासमोरून ओलांडणार, ओव्हरटेक करणाऱ्याला दिसणार नाहीत. पालकांचं म्हणणं, एवढं चालून कोण जाणार, मुलं फटीतूनच जातील. दोघांचंही बरोबर होतं. मला विचाराल तर जेई साहेबांचं थोडं जास्त. शेवटी पट्टे सरकले, जुनी फट बुजवायची ठरली आणि नवी पट्ट्यांच्या रेषेत पाडायची ठरली. शाळेनं फाटकाची लहान झडप त्या बाजूला उघडायचं कबूल केलं. त्यामुळे चालण्यातला फरक जवळपास मिटला.

दुकानदारांची हरकत सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जोरात आली. पट्टे म्हणजे नो पार्किंग, नो पार्किंग म्हणजे गिऱ्हाईक गेलं. मिठाईवाले थेट आमदारांच्या कार्यालयात गेले. त्यांची समजूत बाईंनी नाही, मेडिकलवाल्यांनी घातली. पलीकडची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायच्या भीतीनं येतच नाहीत, हा हिशोब त्यांनी आधीच केलेला होता.

मंजुरीनंतर

पोलिसांचा अभिप्राय आला, टिपणी वर गेली, मंजूर झाली. आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. चालू ठेक्यातल्या कामाला आचारसंहितेची आडकाठी नसते, पण अर्धे अभियंते निवडणुकीच्या कामाला आणि उरलेले पावसाळापूर्व कामांना जुंपलेले. जूनमध्ये निकाल लागला आणि पाऊसही. थर्मोप्लास्टिक ओल्या रस्त्याला धरत नाही, त्यामुळे ते चार महिने गेलेच. पाऊस ओसरतो तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. या काळात बाईंनी नवा अर्ज केला नाही, जुन्याच अर्जाची स्मरणपत्रं देत राहिल्या. नव्या अर्जाला नवा आवक क्रमांक पडतो आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते, हे त्यांनी नोकरीत असताना पाहिलेलं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, एका रात्री गाडी आली. छोट्या टेम्पोवर गॅसवर पेटलेली रंगाची भट्टी, शेजारी पावडरच्या गोण्या. आधी झाडूनं धूळ काढली, मग दोघांनी खडू फासलेली दोरी ताणून एक टिचकी मारली की सरळ रेघ उमटायची. थर्मोप्लास्टिक हा आपल्या मनातला रंग नसतोच. सुमारे दोनशे अंशांवर वितळवलेली दाट लापशी असते. हातगाडीच्या पेटीतून ती अडीच मिलिमीटर जाडीच्या थरानं ओढत नेतात आणि गरम असतानाच वर काचेचे बारीक मणी पेरतात. रात्री हेडलाइट पडला की हेच मणी चमकतात. पाच-दहा मिनिटांत थर घट्ट होतो. काम करणाऱ्या पोरांच्या पायात चपला होत्या आणि हातमोजे एकाच्याच हातात. बाईंनी त्यांना चहा दिला आणि मुकादमाला मोज्यांवरून झापलं.

शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा उपनिरीक्षकांनी एक हवालदार दिला. तोवर गाड्या थांबल्या. हवालदार गेला आणि बहुतेक थांबेनाशा झाल्या. २०१७ च्या मोटार वाहन चालनाच्या नियमांनुसार पादचारी पट्ट्यांवर वेग कमी करून, गरज असेल तर थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ देणं चालकाला बंधनकारक आहे. हे नियम ठाऊक असलेला चालक मला अजून भेटायचा आहे. तरी फरक पडला, आणि तो कागदाबाहेरचा आहे. पूर्वी मुलं जागा मिळेल तिथून एकेकटी पळायची. आता पट्ट्यांपाशी घोळका जमतो आणि घोळका एकदम उतरतो. एका मुलासाठी न थांबणारा दुचाकीवाला पंधरा जणांसाठी थांबतो, नाइलाजानं का होईना.

दुभाजकाची नवी फट मात्र आणखी काही महिने रखडली. ते स्थापत्य काम, त्याचं खर्चाचं शीर्ष वेगळं. तोवर पट्टे थेट दुभाजकाच्या ठोकळ्यांना जाऊन भिडत होते आणि त्याचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले. जेई साहेबांना बोलणी खावी लागली. चूक त्यांची नव्हती. दोन कामं दोन शीर्षांत गेली की असंच होतं. आमच्या महापालिकेत अशा कामांच्या पाट्या वेगळ्या लागतात, पैसे वेगळे सुटतात, फक्त रस्ता एक असतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात गॅसच्या पाइपलाइनची चारी पट्ट्यांमधूनच गेली. बुजवताना डांबर टाकलं, पट्टे नाही. खोदाईच्या परवानगीत रस्ता पूर्ववत करायचे पैसे आधीच भरून घेतलेले असतात. त्यात रस्त्यावरच्या खुणा धरायच्या की नाहीत यावर पथ विभागातच दोन मतं आहेत.

दरम्यान १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगे पदपथ हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचं म्हटलं. ७ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात त्याच प्रकरणात राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. पहिलं कलम पादचाऱ्यांच्या वावराबद्दल आहे, दुसरं राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीच्या रस्त्यांच्या रचना-देखभालीच्या मानकांबद्दल. वकील पुन्हा उत्साहात आले आहेत.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली आणि प्रभागाला नगरसेवक मिळाले. त्यांच्याकडे बाईंनी आता दोन वेगळे अर्ज दिले आहेत. एक गॅसच्या चारीत गेलेले पट्टे खोदाईच्या जमा रकमेतून पुन्हा मारण्यासाठी. दुसरा पट्ट्यांची जागा फुटपाथच्या उंचीला आणून टेबलटॉप करण्यासाठी, म्हणजे गाडीवाल्याला वेग कमी करावाच लागेल. पहिल्याला पथ विभाग तोंडी हो म्हणतो. दुसऱ्यावर वाहतूक शाखेचा आक्षेप आहे की रुग्णवाहिका आणि बस अडखळतील. त्यावर बसच्या आगाराचं लेखी मत मागवावं, असं बाईंनी अर्जातच लिहून ठेवलं आहे, आगार व्यवस्थापकांच्या पत्त्यासकट.